नाव तुम्ही घातलंत

मिडलबर्ग,
१७ ऑक्टोबर १९७४

प्रिय बाबा,

बरे असाल. बीट काढून झालं का? इथे नुसता वारा. परवा आई बसने येऊन गेली, बटाटे घेऊन. बाळ तिच्याकडे बघून हसलं. ती म्हणते, पोटात वायू असेल. मी म्हणते, हसलंच.

तुमचा निरोप तिने दिला: बाप्तिस्मा आपल्याच गावच्या चर्चमध्ये व्हावा. त्याचं उत्तर देते. पण आधी दुसरंच काहीतरी डोक्यात घोळतंय.

आपल्याकडे जेवण झालं की उष्टी ताटं तशीच ठेवून तुम्ही बायबल उघडायचात. काल थांबलो तिथून पुढे. वंशावळी असोत की कापाकापी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. एकदा इफ्ताह आला. लढाई जिंकून दे, घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा बळी देतो, असा नवस बोललेला बाप. सामोरी आली त्याची एकुलती एक मुलगी. नाचत.

मी विचारलं, "इसहाकाला त्याचा बाप बळी देत होता, तेव्हा देवाने बदली मेंढा पाठवला ना? मग हिच्या वेळी का नाही?"

"नाही पाठवला."

"पण का?"

"तान्ने, लापशी गार होतेय."

दर रविवारी आज्ञांमध्ये ऐकायचं, देव बापाच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीला विचारतो. आणि यहेज्केल संदेष्टा म्हणतो, मुलगा बापाचं पाप वाहणार नाही. यातलं खरं कुठलं, विचारलं तर तुम्ही म्हणालात, "दोन्ही. तुझ्या डोक्यात मावत नाही हा देवाचा दोष नाही."

मला ते आवडलं होतं, बाबा. वाटलं, माझा बाप घाबरत नाही.

मग माझं पोट दिसायला लागलं. बाळाचा बाप तर जहाजावर गेला तो गेलाच. तुम्ही शेडमध्ये कांदे निवडत होतात. वर न बघता म्हणालात, "चर्चच्या वडीलमंडळासमोर बंद खोलीत एकदा कबूल कर. चर्चमध्ये तुझं नाव निघणार नाही. माझा शब्द आहे."

केलं कबूल, त्या सगळ्या काळ्या कोटांसमोर. बाहेर पडताना मंडळातल्या म्हाताऱ्या आड्रियानसेंनी गुपचूप हातात पेपरमिंट ठेवली.

पुढच्या रविवारी पाळक नव्हते, म्हणून मंडळातले एक वडील या नात्याने उपासना तुम्ही चालवलीत. "मंडळीतल्या एका बहिणीने व्यभिचाराविरुद्धची सातवी आज्ञा मोडली," एवढं वाचलंत. आणि मग माझं नाव. आडनावासकट.

मला वाटलं, मंडळाने भाग पाडलं. इथल्या घरमालकीणबाईंनी तुम्हाला नावं ठेवली तेव्हा मी भांडले, "अहो, त्यांच्या हातात काय होतं!"

परवा लंगोट बदलता बदलता आई म्हणाली, "मंडळाचं तर नाव नको असंच ठरलं होतं गं. ह्यांनीच घातलं."

"बाबांनी?"

"म्हणाले, शेजारच्यांच्या याकोमिनचं असंच झालं, तेव्हा तिचं नाव मीच वाचलं होतं. माझ्या पोरीचं सोडलं तर देवापुढे कुठल्या तोंडाने उभा राहू? देव तोंड बघून न्याय करत नाही. तेव्हापासून झोप नाही गं त्यांना."

"मग उठून वाचत बसू देत."

वाईट बोलले. पण आई गेल्यावर खूप विचार केला. तुम्ही खोटारडे असतात तर सोपं गेलं असतं. तुमचं म्हणणं न्यायाचंच आहे. फक्त तो शब्द तुम्ही याकोमिनला नव्हता दिलेला, मला दिला होतात. देवाला दिलेला पाळलात, मला दिलेला मोडलात, आणि कुठला मोडायचा ते एकट्याने ठरवलंत. इफ्ताहाने निदान मुलीला आधी सांगितलं. डोंगरात जाऊन रडायला दोन महिने दिले. तुम्ही मला घरापासून चर्चपर्यंतची वाटसुद्धा दिली नाहीत. उलट निघताना विचारलंत, "शाल घेतलीस ना?"

आणि काल तो अध्याय परत काढला. बाबा, त्या मुलीचं नाव त्यात कुठेच नाही. शास्त्रानेही तिचं नाव घेतलेलं नाही.

आता उत्तर. बाप्तिस्मा इथेच होईल, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. इथले पाळक फक्त बाळाचं नाव विचारतात. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, हे ठरलेलंच म्हणून आईने झबल्यावर 'क्राइन' भरून आणलंय. रात्री बसून मी ते उसवलं. कापडाला भोकं राहिलीत, पण तेच घालणार आहे.

यायचं तर या. मागच्या बाकावर जागा असते. त्याचं नाव मोठ्याने घेतील तेव्हा ऐका. ते तुमचं नसेल.

अजूनही तुमचीच, आणि त्याचाच राग येतो,
तान्ने