पान छापायचं तर अख्खं

गुरुजी, आज तुमच्या वाचनालयात माझा सत्कार आहे आणि मी गेलेले नाही. संध्याकाळचे पाच वाजून गेलेत, तिकडे माईकवरून कोणीतरी बोलतंय, वाऱ्यावर अर्धामुर्धा आवाज इथवर पोचतोय, आणि मी पडवीत बसून तुम्हाला हे लिहितेय. तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा घाई कसलीच नाही. तुम्ही स्वतः बोलावलं असतंत तरी मी आले नसते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या भुवया काय त्या एकदाच वर जातील.

झालं असं, की वाचनालयाची स्मरणिका निघायची होती. तुमचा झिल मुंबईची नोकरी संपवून बापाच्या गावात आलाय, तो आता अध्यक्ष आहे. माणूस चांगला आहे, तुमच्यासारखाच चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो. त्यानेच मला रस्त्यात थांबवून सांगितलं, की काकी, तुम्ही एवढं वाचता, आवडत्या पुस्तकांवर चार-चार ओळी लिहून द्या, एक पान तुमचं, आणि समारंभात जुन्या वाचक म्हणून तुमचा सत्कार. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला कोणी असं सांगितलं तर तिचं काय होईल? रात्री झोप नाही. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं, की मनात साचलेलं नुसत्या पुस्तकांचं नाही. सणासुदीला टीव्हीवर ते खास कार्यक्रम लागतात ना, दिवाळीचे, चतुर्थीचे, वर्षाअखेरीचे, त्यांचंही आहे. दोन्हींपुढे मी सारखीच बसले, मांडी घालून, शेंगा नाहीतर सुपारी फोडत. मग दोन्ही लिहिलं.

घाटावरच्या विधवेच्या कादंबरीबद्दल लिहिलं: बाईचं दुःख खरं आहे, मला रडू आलं, पण ती सबंध पुस्तकभर खिडकीत उभी आहे, तिच्या चुलीवर कधी काही ठेवलेलं नसतं काय? समुद्राच्या कादंबरीबद्दल लिहिलं: माणसं खरी, समुद्र खोटा. ह्याचा समुद्र बारा महिने निळा. आपला श्रावणात दूध घातलेल्या चहासारखा होतो, तो लेखकाने एकदा येऊन बघावा, जेवायला मी घालीन. तरी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं, कारण त्यातली सासू माझीच आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकात आमटीला दोन चमचे खोबरं सांगितलंय, तिथेच पुस्तक मिटलं. आणि तुमचा तो जाड ग्रंथ, जो तुम्ही हात धुऊन उघडायचात, त्याबद्दल लिहिलं: थोर आहे, पण थोर पाहुणा घरात असला की पाय पसरून बसता येत नाही. मग टीव्हीचं. दिवाळी पहाटेची गाणी: गाणारी मुलगी सोन्यासारखी, पण निवेदन करणारा प्रत्येक गाण्याआधी आपल्याला डोळे पुसायला सांगतो. डोळे माझे आहेत, मी ठरवीन. चतुर्थीचा खास भाग: सगळ्या सुना नथी घालून मोदक वळतात आणि एकीच्याही हाताला पिठी लागलेली नाही. थोरली जाऊ रुसून माजघरात जाऊन बसते तेवढा तुकडा खरा, ज्याने लिहिला त्याच्या घरी चतुर्थीला भांडण झालेलं असणार. वर्षाअखेरीचा हसवायचा कार्यक्रम: हसू आलं नाही. पण एका म्हाताऱ्या नटाने कमी ऐकू येणारा माणूस असा केला, की माझे सासरे समोर येऊन बसले. त्याच्यासाठी शेवटपर्यंत उठले नाही.

एवढं ते पान. समितीच्या बैठकीत तुमच्या झिलाने ते वाचलं, हसला सुद्धा, मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "काकी, पुस्तकांचां ठेवया, टीव्हीचां काढया. वाचनालयाच्या स्मरणिकेत त्या गजाली कित्याक?" मी म्हटलं, दोन्ही मीच बघितलंय आणि ह्याच डोळ्यांनी, मग एक अभिप्राय आणि दुसऱ्या नुसत्या गप्पा-गजाली कशा? तर म्हणाला, "बाबांनी आयुष्यात टीव्हीकडे ढुंकान बघूक नाय. त्येंच्या नावाचां वाचनालय ह्यां." तुमचं नाव निघालं आणि सगळे खाली बघायला लागले, जसा काही देवाचा कौलच पडला. मघापर्यंत माझ्या मोदकांच्या ओळीवर खिदळणाऱ्या हायस्कूलच्या बाईसुद्धा. मग त्याच मला समजावायला लागल्या, की सत्कार तर आहेच ना काकी, शाल आहे, श्रीफळ आहे. तेव्हा मात्र मी स्पष्टच बोलले.

"शाल घालून ह्या उकाड्यात खंय जाव? आणि नारळ माझ्या परड्यात रोज पडतत, उचलून उचलून कंबर मोडता. छापायचां तर अख्खां पान छाप, नायतर माझां माका परत दी."

त्याने परत दिलं. प्रेमानेच दिलं, रागावू नका हां काकी, असंही म्हणाला. मी रागावले नव्हते. मला फक्त माझ्या शब्दांच्या जागी शाल नको होती.

तुम्हाला ठाऊक आहे मी हे वाचून मत द्यायचं कुठून शिकले. गावपळणीचं ते वर्ष. देवाचा कौल झालाय, सगळं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला निघालंय. आई डोक्यावर भांडी घेऊन पुढे, मी मागून करडू ओढत. तुम्ही वाचनालयाच्या पायरीवर उभे, कडीला हात लावून. मला हाक मारता, आत जाता आणि एक कादंबरी आणून देता, एरवीसारखी माझ्या भावाच्या नावावर नाही, नोंद न करताच. म्हणता, "झोपडीत बसून करतलंस काय? ह्यां वाच." गुरुजी, मला आयुष्यात कोणी काही दिलं असेल तर ते तुम्ही तेव्हा दिलंत. माडाच्या झावळांच्या त्या झोपडीत मी ती वाचून काढली, आईला मोठ्याने वाचून दाखवली, शेजारच्या झोपड्यांतल्या बायका भात चुलीवर ठेवून ऐकायला आल्या. शेवट ऐकून त्या हिरमुसल्या, कारण लेखकाने तो घाईत उरकला होता, पाहुणे दारात आल्यावर घर झाडावं तसा. गाव परत भरलं तेव्हा मी धावत येऊन तुम्हाला तेच सांगितलं. तुम्ही पुस्तक हातात घेतलंत, कव्हरावरची माती पुसलीत. एरवी मालवणीत बोलणारे तुम्ही एकदम पुस्तकी मराठीत शिरलात. "अभिप्राय द्यायला अधिकार लागतो. तू आपली वाच." दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं असतं तर विसरले असते.

वाचलं, गुरुजी. भाकऱ्या भाजत, आमसुलं सुकवत, पोरांना पायांवर आडवं करून झोपवत वाचलं. आणि एवढं वाचून ठाम सांगते, की तुम्ही चुकलात. ज्याने भात जेवला तो भात कच्चा आहे म्हणू शकतो, त्याला आधी शेत नांगरायला लागत नाही. आणि टीव्हीपुढे सणाचा सबंध दिवस बसलेल्या बाईने ते बरं होतं की वाईट हे सांगू नये, तर मग कोणी सांगावं? तो दाखवणारा सांगणार आहे होय?

बैठकीतून निघाले ती थेट गिरणीवर. गिरणवाला आपल्या वाडीतलाच. त्याला म्हटलं, तुझ्या भिंतीवर दराच्या पाटीशेजारी एवढं चिकटव. त्याने विचारलंसुद्धा नाही काय आहे, पिठाळ हातांनीच चिकटवलं. आता दळपाला आलेली माणसं डबा रांगेत ठेवतात आणि वाचत उभी राहतात, दुसरं करायचंय काय. परवा एक मासे विकणारी माझ्यावर उखडली. म्हाताऱ्या नटाचं तुमचं पटलं काकी, म्हणाली, पण ती दिवाळीची गाणारी? सुरात होती कधी ती? आम्ही तिचं पीठ निवेपर्यंत भांडलो. तिने माझा अधिकार विचारला नाही, मी तिचा विचारला नाही. शेवटी जाताना म्हणाली, "तुमका गाण्यातला काय एक कळणा नाय, पण लिवा, लिवा." एवढा मोठा सत्कार माझा कोणी केलेला नाही.

पण एक तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते तुम्हालाच सांगता येण्यासारखं आहे. तुमच्या भावाने मुंबईहून टीव्ही आणला ते वर्ष. दिवाळीची सकाळ, तुमचं खळं-अंगण माणसांनी भरलेलं, पोरं तुळशीच्या कट्ट्यावर चढलेली. तुम्ही आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसला होतात आणि मधूनमधून ओरडत होतात, आवाज कमी करा रे. मला यायला उशीर झाला, पुढे जागा नव्हती, म्हणून मागच्या दाराने आले आणि पडवीच्या कोपऱ्यात उभी राहिले. तिथून दाराच्या आडोशाला, टीव्हीकडे डोळे लावून उभे असलेले तुम्ही दिसलात. पुस्तक मिटलेलं, पानांत बोट, आणि धोतराचा सोगा तोंडाशी दाबून तुम्ही हसत होतात. आवाज फुटू नये म्हणून खांदे नुसते गदगदत होते. डोळ्यांतून पाणी.

बैठकीत तुमच्या झिलाने तुमचं नाव घेतलं तेव्हा हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य बोलले असते तर पान अख्खं छापून आलं असतं. मी ते गिळलं. तुमची लाज राखायला नाही, हसण्यात लाज कसली. पण मग ते पान गुरुजीही हसले होते म्हणून छापलं गेलं असतं. पुन्हा अधिकार तुमचाच, मी आपली तुमच्या धोतराच्या सोग्याआड. ते मला चालणार नव्हतं. माझं मत माझ्या पायांवर उभं राहत असेल तर राहो, नाहीतर गिरणीत पिठाने माखो.

तिकडे आता टाळ्या वाजतायत. माझी शाल दुसऱ्या कोणाला दिली असेल तर त्याला ती थंडीत उपयोगी पडो. हे पत्र मी कुठेही टाकणार नाही, तुमच्या झिलाच्या हाती तर नाहीच. फक्त एक कबूल करते. त्या सकाळच्या कार्यक्रमाची आठवण वाडीतली माणसं कितीतरी वर्षं काढत होती, आणि चार ओळी लिहाव्यात असं मला सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच वाटतं. पण लिहू काय? त्यातलं काहीसुद्धा मला आठवत नाही. मी पूर्ण वेळ तुमच्याकडेच बघत होते.