साहेबांच्या तोंडचे शब्द

३ मार्च

कारखाना बंद करणार आहेत. दादाचा कारखाना.

साहेबांनी चौघांनाच आत बोलावलं — हिशेबवाले, कामगार-अधिकारी, वकीलबाई आणि मी. दार लावून घेतलं. आमच्याकडे अशा गुपचूप कामाला एक गोंडस नाव देतात. ह्याचं नाव ‘पहाट’. कोणी ठेवलं विचारलं, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. गेल्या वर्षी मीच सुचवून ठेवलं होतं म्हणे, कशासाठी तरी.

जूनमध्ये हातातली मोठी ऑर्डर पूर्ण झाली की टाळं. तोवर एकही माणूस सोडून जाता कामा नये, नाहीतर ऑर्डर बोंबलेल. माणसं धरून ठेवायची, तीही शब्दांनी. म्हणजे मी. अंतर्गत संवाद विभाग!

बाहेर अवाक्षर काढणार नाही म्हणून सह्या घेतल्या. वकीलबाई माझ्यापाशी थांबल्या. “तुमचे भाऊ तिथे आहेत ना? म्हणून मुद्दाम सांगतेय. घरीसुद्धा नाही.”

५ मार्च

दिवसभर जूनमध्ये जायच्या पत्राचा मसुदा. साहेबांना ‘प्रिय सहकाऱ्यांनो’च्या पुढे काही सुचत नाही, पुढचं सगळं माझं. ‘बंद’ वकीलबाईंनी खोडलं. ‘स्थलांतर’ही खोडलं — लोक विचारतील, कुठे? शेवटी ‘उत्पादनाचं एकत्रीकरण’ तेवढं उरलं. आई असती तर म्हणाली असती, म्हणजे काय गं? मला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी साहेब जिन्यात भेटले. “हे नीट पार पडलं की विभागप्रमुख तुम्हीच.” इतकी वर्षं कॅन्टीनमधल्या वाढदिवसांच्या फळ्यापासून सुरुवात करून मान मोडून काम केलं, ते असं जिन्यात मिळालं. आनंद झाला. झाला, इथे खोटं कशाला लिहू.

६ मार्च

जेवण गेलं नाही.

८ मार्च

दादाकडे जेवायला गेले होते. जायलाच नको होतं.

वहिनी पोळ्या करत होती. दादा म्हणाला, “बॉयलरवाल्यांकडून बोलावणं आलंय. देखभालीचंच काम आहे. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.” मग हळूच — “आमच्याकडे सगळे कुजबुजतायत. तुझ्या कानावर आहे का काही?”

असल्या प्रश्नाला मॅनेजरांनी काय म्हणायचं ते परवा मीच लिहून दिलं होतं. तेच बाहेर पडलं, एका दमात. “सध्या असा कोणताही निर्णय झालेला नाही. काही ठरलं तर कर्मचाऱ्यांना सर्वांत आधी कळवलं जाईल.”

दादा भाजी घेत होता. डाव तसाच हातात. मग “बरं” म्हणाला.

“बघा, मी म्हणत नव्हते?” वहिनी म्हणाली. “घरचं माणूस आतल्या गोटात असताना बाहेरच्यांचं कशाला ऐकायचं?”

ही नोकरी दादानेच शोधून दिली मला. कारखान्याच्या भित्तिपत्रकाला कोणीतरी धड लिहिणारं हवं होतं, ते ऐकून तो मला ओढत घेऊन गेला. अजून भेटेल त्याला सांगतो, “साहेब बोलतात ना, ते आमच्या बहिणीचं असतं.”

१० मार्च

इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं तर दादा निघणार. तो निघाला की पन्नास जण निघणार, कारण सगळा कारखाना त्याच्या तोंडाकडे बघून आहे. मग माझी नोकरी जाणार, वर कोर्टाची पायरी. नाही सांगितलं तर — पन्नाशी उलटलेल्या माणसाला पुन्हा कोण बोलावतंय?

फोन हातात धरून बसले. शेवटी टेबलाच्या खणात टाकला. भित्री आहे मी. विभागप्रमुख व्हायचंय ना, भित्रीच बरी.

१४ मार्च

दादाचा निरोप. “बॉयलरवाल्यांना नकार कळवला. तू जेवत जा वेळेवर.”

बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून.

२ एप्रिल

साहेब खूश आहेत. दुसऱ्या कारखान्यांतून लोक सुटतायत, इथून कोणी नाही. बैठकीत कामगारांना धाडलेल्या माझ्या पत्रांचं कौतुक झालं. “भाषा काय आहे! विश्वास बसतो माणसाचा.”

नंतर कारखान्याचा मॅनेजर बाजूला घेऊन हसत म्हणाला, “मॅडम, पत्रं कोण वाचतंय? तुमचे भाऊ जागचे हलत नाहीत, म्हणून बाकीचे बसलेत. ज्याची बहीण साहेबांच्या शेजारी बसते, तोच निवांत आहे, मग आपण कशाला पळायचं — असा हिशेब आहे त्यांचा.”

मीही हसले. हसता येतं मला, कुठेही.

१२ जून

झालं.

सभा कारखान्यातच, मोठ्या शेडमध्ये. साहेब बोलून संपले की ‘एकत्रीकरणा’चं पत्र सगळ्यांच्या फोनवर जाणार, अशी वेळ लावून ठेवली होती. मीच लावली होती. साहेब लांबले. सुरुवातीला त्यांच्या वडिलांच्या पहिल्या नोकरीची आठवण मी घातली होती, तीत ते रमले. “आपण एक कुटुंब आहोत” इथवर आले आणि शेडभर फोन वाजले. एकदम. माना खाली. साहेबांना कळेना काय झालं, ते बोलतच राहिले — कुटुंब, कुटुंब. कोणी ओरडलं नाही. कोणीतरी फक्त म्हणालं, “साहेब, पुरे आता.”

दादा तिसऱ्या रांगेत होता. त्याने फोन काढलाच नाही. मी माईकच्या मागे उभी होते, त्याने वर पाहिलंही नाही. बाकीचे मात्र सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्या शेजारचा म्हातारा फिटर उठून दुसरीकडे जाऊन बसला.

१३ जून

दादा फोन उचलत नाही.

१६ जून

नवी खोली मिळाली. दाराला पाटी, खिडकीला पडदा. कोणीतरी फुलं ठेवली होती. वेळेचा घोळ झाला त्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत. उलट म्हणाले, “एकही दगड पडला नाही, ह्याला म्हणतात संवाद.”

दादाने माझं तोंड पाहू नये. त्याच्या जागी मी असते तर पाहिलं नसतं. त्याची भाबडी श्रद्धा होती माझ्यावर, ती मी वापरली. हेच माझं बारा वर्षांचं करिअर.

१९ जून

वहिनी आली होती. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

“तू जेवायला आली होतीस ना, ह्यांना त्याच दिवशी कळलं होतं. तू गेल्यावर म्हणाले, ती माझ्याशी असं कधी बोलत नाही, कारखाना गेला समज. मी म्हटलं, मग बॉयलरवाल्यांना हो म्हणा की. तर म्हणे, मी आत्ता सुटलो तर सगळे म्हणतील बहिणीने सांगितलं. तिची नोकरी जाईल. दोघांपैकी एकाची तरी राहू दे.”