दादाने जपलेली मूळ प्रत

२ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, ती मात्र नाही. तिच्या आठवणी मी फोनवर रेकॉर्ड करून तुला पाठवल्या, त्या तुझ्या कॉम्प्युटरवर नीट आहेत ना? डॉक्टर म्हणाले, तिचं विसरणं आता वाढतच जाणार. म्हणजे जे बोलून झालं तेवढंच आपलं. फोन भरला म्हणून तुझ्याच सांगण्यावरून मी माझ्याकडचं पुसलं, आणि तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

बॅकअप घे बाबा. कसलाही घे, पण घे. वहिनी सांगत होती, तू वर्षभर उत्तम पद्धत कोणती याचाच अभ्यास करतोयस. लग्नाच्या वेळी एवढा विचार केला असतास तर वहिनी सुटली असती.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी बबडी

२० जून
चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याने जन्मभर कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळली, त्याला तू सांभाळणं शिकवू नयेस. अभ्यास पूर्ण झाला आहे. पेन ड्राइव्ह खिशातून पडतो. बाहेरची हार्ड डिस्क टेबलावरून पडते. इंटरनेटवर ठेवावं, तर ते नेमकं कुणाच्या घरात असतं हे कुणी सांगत नाही. दुकानदाराला मी पत्ता विचारला, तर तो हसायला लागला. हल्लीच्या लोकांना जबाबदारी म्हणून नाही.

तरी कुणाला नाराज नको, म्हणून तिन्हीकडे एकेक प्रत केली. तुझी वहिनी म्हणाली की चला, संपलं एकदाचं. तूही आता दुकानात निर्धास्त कपडे शिवत बस.

लोभात कमी करू नये.
तुझा दादा

२७ जुलै
चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहितोय, यावरून काय ते समज. कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीवाल्याने खटपट केली आणि सांगितलं की यातलं काही हाती लागणार नाही. मी ऐटीत म्हणालो, हरकत नाही, तीन प्रती आहेत. आणि मग मला आठवलं.

गेल्या आठवड्यात मी आवराआवर काढली होती. आमच्या कचेरीत दंडक होता, मूळ प्रत जपायची आणि जादा प्रती नष्ट करायच्या, नाहीतर घोळ होतो. तेच ते चार ठिकाणी पडलेलं मला बघवेना. तिन्ही प्रती पुसल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, म्हणजे तुम्ही बॅकअपच कचऱ्यात टाकलात."

फार वाईट वाटतंय गं. त्याहून वाईट म्हणजे त्यातलं मी काहीच ऐकलेलं नाही. मूळ प्रत उगाच हाताळू नये, म्हणून ठेवून दिलं होतं. आईला सांगू नकोस.

रागाव, पण तोडू नकोस.
दादा

४ ऑगस्ट
दादा,
नमस्कार-बिमस्कार आज राहू दे.

तुझं पत्र वाचून मी गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी लावली. मीही शहाणीच. आईसमोर फोन ठेवायचे आणि दुकानात पळायचे, म्हटलं सावकाश ऐकू. त्यामुळे माझ्याकडेही काही नाही.

काल तिला बाबांची पहिली भेट आठवेना. कुठे झाली, कोण काय बोललं, काहीच नाही. मला रडू आलं, तर तिनेच माझी समजूत काढली. म्हणाली, "एवढं काय त्यात? सगळं दादाला सांगून ठेवलंय. तो आला की सांगेल मला."

दादा, ती खुशाल विसरतेय, कारण तुझ्याकडे आहे. आणि तू कधी येणार म्हणून रोज विचारतेय. मी रविवार सांगितलाय. तेव्हा ये. अजून तिला पुष्कळ आठवतं, ते जवळ बसून ऐक. बाबांचं विचारेल, तेव्हा काय सांगायचं ते मला माहीत नाही.

माया आहे. पण ती आता इथे येऊन ने.
बबडी