दोन बोटं जागा

४ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं! गाडीला चाकं घालायची.

सकाळी गॅरेजचं शटर वर केलं. बाईसाहेब तिथेच, लाकडी ठोकळ्यांवर बस्तान मांडून. दोन दारांची, बुटकी, लाल. लाल कसली, आता विटकरी! इंजिन, ब्रेक, सगळं गेल्या महिन्यात मेकॅनिककडून करून घेतलं. एका चावीत सुरू होते. पण जाणार कशावर? आई गेली त्या वर्षी बाबांनी स्वतःच्या हातांनी चारी चाकं काढली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. कंपनीची मूळ चाकं त्यांनी तरुणपणीच विकली होती. त्या दिवसानंतर ह्या माणसाने गाडीला हात लावलेला नाही. आत बसणं तर सोडाच.

आज धाकट्याचा, म्हणजे माझ्या भावाचा, परदेशातून फोन. जुन्या धावपट्टीवर एक मार्चला जुन्या गाड्यांचा शेवटचा मेळावा आहे, नंतर तिथे इमारती उठणार. बाबांनी ज्या धावपट्टीवर शर्यती गाजवल्या तीच ही! "ताई, बाबांना एकदा त्या गाडीत बसव. बाकी काही नको." फोनवरून फर्मान सोडायला ह्याचं काय जातं!

पण हवंय मलाही तेच. एकदा बाबांनी त्या गाडीत बसावं. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, पण सावकाश फेरी मारायला हरकत नाही. पुढच्या वर्षाचं काय सांगावं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना विचारलं. पेपरातून मान वर न करता, "नाही."

बरं. बघू कोण जास्त हट्टी ते.

७ फेब्रुवारी, शनिवार

माझा एक अंदाज आहे. गाडी तेव्हा जशी उभी असायची तशी पुन्हा उभी राहिली, तर बाबा आपसूक बसतील. म्हणून दवाखान्याला सुट्टी देऊन चाकवाल्याकडे गेले.

भिंतभर चाकं टांगलेली. काळी, चंदेरी, सोनेरी, एक तर चक्क जांभळं! चाकवाला तरुण, तोंडाने भलता चालू. गाडीचा फोटो बघून म्हणाला, "मॅडम, सतरा इंच टाकू. काळी, कडेला लाल पट्टी. लोक वळून बघतील." त्या चाकावरचा टायर इतका पातळ की रबराची बांगडीच. मी म्हटलं, खड्ड्यात गेली तर? तो म्हणाला, "खड्ड्यात कशाला न्यायची?" वा रे उत्तर!

मग त्याने 'ऑफसेट' समजावला. चाकाला जिथे बोल्ट लागतात ती पाटी चाकाच्या मध्यापासून किती सरकलेली आहे, तो आकडा. आकडा चुकला की चाक आत तरी घुसतं नाहीतर बाहेर तरी डोकावतं. आत घुसलं तर आतल्या सस्पेन्शनच्या खांबाला घासणार, बाहेर आलं तर वरच्या पत्र्याला. हे मला एका झटक्यात कळलं. दातावरची कॅप जराशी बाहेर आली की माणूस गाल चावून घेतो, तसंच हे. तो बघतच राहिला. म्हटलं, मी दातांची डॉक्टर आहे, माझं आयुष्य मिलिमीटरवर चालतं.

काही ठरलं नाही. नुसता कॅटलॉग घेऊन आले.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवार म्हटलं की अजून रबराचाच वास येतो.

खरं तर तो शनिवार दुपारचा वास. बाबा कारखान्यातून आले की चहासुद्धा न घेता गॅरेजात. रस्त्यावरचे टायर काढायचे, शर्यतीचे चढवायचे. रेडिओ खरखरत असायचा. टायरच्या कडेला खडूने रेघा ओढायच्या. शर्यतीनंतर रेघ किती पुसली गेली ते बघून हवा कमी-जास्त करायची. खडू आईच्या शाळेतले! आई गणिताची. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची म्हणे. ती गॅरेजात स्टुलावर बसून केसातल्या पिनेने टायरच्या खाचांतले बारीक खडे काढत राहायची. एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, बिचारी कंटाळली असेल.

आणि मग ती हाक! "ठमे, बोटं आण गं!"

मी धावत. बाबा चाक चढवून बोल्ट आवळायचे आणि मला खाली बसवायचे. टायर आणि खांब ह्यांच्यामधल्या फटीत मी दोन बोटं एकावर एक चढवून घालायची. गेली तर जमलं. अडकली तर सगळं पुन्हा. गाडी माझ्या बोटांवर चालते, असं मी शाळेत सांगत फिरायचे. कोणी विश्वास ठेवायचं नाही, ते वेगळं.

रविवारी पहाटे दोघं निघून जायचे. आम्ही दोघं भावंडं आजीजवळ. आजीचा शर्यतीवर राग. "आईबापांनी पोरं टाकून भटकायचं का?" असं दिवसभर चालायचं. संध्याकाळी गाडी यायची, धुळीने माखलेली. बाबा अंगणातच हातवारे करून वळणं सांगत सुटायचे, आजीसुद्धा ऐकायची, आणि आई मुकाट्याने आत जाऊन दूध तापवायची. किती सुखाचे दिवस होते ते! तेव्हा कळलं नाही, एवढंच.

११ फेब्रुवारी, बुधवार

कॅटलॉग मुद्दाम चहाच्या टेबलावर उघडा टाकला. बाबा आधी बघेनात. मग चष्मा आला. मग बोट आलं.

"सतरा? तिला सतरा? डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग किती?"

"पंधरा. रुंदी सात. आणि हलकी आण. जड चाकं तिला खपत नाहीत, तिचे हात—" इथे थांबले. "स्टिअरिंग जड होतं."

मला हसू फुटलं. गाडीला हात! पण बाबा गाडीबद्दल हे असंच बोलतात, पहिल्यापासून. ती वळणाला घाबरत नाही, ती ब्रेक फार उशिरा मारू देते, तिला सकाळची थंड हवा मानवते. आईने ही सवत एवढी वर्षं कशी खपवून घेतली कोण जाणे.

रंग विचारला. "राखाडी. चकचकीत नको. आपण काय वरातीत चाललोय?"

'आपण' म्हणाले! मी ऐकलं!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा विचारलं. पुन्हा "नाही." 'आपण' म्हणे!

१४ फेब्रुवारी, शनिवार

टायरची पाळी. चाकवाला म्हणाला, "हे घ्या, शर्यतीचे. रस्त्याला डिंकासारखे चिकटतात." खरंच, नख रुतत होतं. लगेच घेणार होते, पण म्हटलं बाबांना फोन करू. दुकानातूनच केला, स्पीकरवर.

बाबा म्हणाले, "धरेल, धरेल, आणि एकदम सोडेल. एका शब्दाने न सांगता. तसला नको. सांगणारा टायर आण."

चाकवाला माझ्याकडे बघायला लागला. सांगणारा?

"सुटायच्या आधी कुरकुर करतो तो. वळणात आधी जरासा कण्हतो, मग किंचित सरकतो, मग सुटतो. तेवढ्यात माणूस सावरतं. तिला सगळ्यात वेगवान टायर कधीच नको असायचा. तिला सांगणारा लागायचा."

चाकवाल्याचा चेहरा एकदम बदलला. त्याने चिकट टायर उचलून ठेवले आणि आतून दुसरे आणले. मऊ कडेचे, जरा उंच, दिसायला साधे. "ह्यांचं म्हणणं कळलं मॅडम. हे बोलके आहेत." आणि हळूच, "काका शर्यती करायचे का?" मी ताठ मानेने हो म्हटलं. कॉलर असती तर वर केली असती.

शेवटचं विचारलं, "बाबा, आतून जागा किती ठेवू?"

"हे काय विचारणं झालं? दोन बोटं."

१६ फेब्रुवारी, सोमवार

चाकवाला एक चाक घेऊन घरी आला, बसवून बघायला. राखाडी, पाच आऱ्यांचं, अगदी तस्संच! खाली बसले, दोन बोटं एकावर एक चढवली, फटीत घातली. अडकली.

म्हटलं, नाही चालणार. ऑफसेट बदला.

तो म्हणाला, "मॅडम, भरपूर जागा आहे. आणखी बदलला तर चाक बाहेर डोकावेल."

"माझे बाबा दोन बोटं म्हणालेत. दोन म्हणजे दोन."

त्याने खांदे उडवले. ऑर्डर दिली. माझ्या घरात मला शिकवतोय!

२२ फेब्रुवारी, रविवार

फजिती! फजिती! फजिती!

चाकं आली, चढवली. गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरली तेव्हा मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. बाबा खिडकीत, पडद्याआड. मला दिसत होते, पण मी बघितलं नाही असं दाखवलं. चालवायला बसले, फाटकाबाहेर काढली, वळवली, पहिल्याच उंचवट्यावर— खर्रर्र! पुढचा टायर पत्र्याला घासला. परत आणताना पुन्हा खर्रर्र. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

बाबा बाहेर आले. चपला न घालता! वाकून टायर बघितला, मग माझ्याकडे.

"कोणाची बोटं घातलीस?"

"माझी."

"तुझी? आत्ताची?"

मी हात पुढे केला. पन्नाशीतली बोटं. सांधे जाड झालेले.

बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पायरीवर बसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. "अगं ठमे, सहा वर्षांची होतीस तू! ते माप तुझ्या तेव्हाच्या बोटांचं!"

दिवसभर मिलिमीटर मोजणारी बाई, आणि ही अक्कल! आपण मोठे होतो हेच मी धरलं नव्हतं हिशेबात. पण खरं सांगू? अशा दहा फजित्या होऊ देत. ते हसणं ऐकायला मिळालं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात आज एक चिमुरडी आली, पुढचे दोन दुधाचे दात हलत होते. बरोबर सहा वर्षांची! दात बघून झाल्यावर म्हटलं, आता बोटं दाखव बघू. एकावर एक. कॅलिपर लावून माप घेतलं. तिची आई भांबावली. "डॉक्टर, बोटांवरून दात कळतात?" मी म्हटलं, गाडी कळते. पुढच्या वेळी बहुतेक ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल.

माप चाकवाल्याला कळवलं. तो फोनवर इतका हसला की मला राग यायला हवा होता. चाकं बदलून देतो म्हणाला. भला माणूस.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नवी चाकं बसली. फाटकाबाहेर नेली, गरगर वळवली, उंचवट्यावरून घातली. हूं नाही की चूं नाही. वळणावर टायर जरासा कण्हला, अगदी बाबा म्हणाले तसा.

गाडी अंगणात उभी केली. उन्हात राखाडी चाकं, विटकरी अंग, थोडी पुढे झुकलेली. तीच, अगदी तीच. बाबा बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. प्रत्येक टायरवर हात ठेवला, ताप बघतात तसा. मला वाटलं, झालं काम!

चालकाचं दार उघडून धरलं. म्हटलं, "बसा बाबा. नुसते बसा. चालवू नका."

त्यांनी आतल्या सीटकडे बघितलं. बराच वेळ. मग मान हलवली आणि घरात निघून गेले.

मी रडले. अंगणातच, गाडीला टेकून. रागाने की दुःखाने ते मला सांगता येणार नाही. महिनाभर एवढा आटापिटा केला, चाकं जुळली, टायर जुळले, बोटंसुद्धा जुळली, आणि माणूस काही बसला नाही. धाकट्याला आता काय तोंड दाखवू? उद्या मेळावा आहे. एकटी जाईन. गाडीने तरी धावपट्टी बघावी.

१ मार्च, रविवार

बाबा बसले!

मी एकटीच निघाले होते. चावी फिरवली, तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. बाबा. इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या शेजारी बसले, पट्टा लावला, समोर बघत राहिले.

म्हणाले, "तू ज्या सीटवर मला बसवत होतीस ना, ती माझी नव्हे. मी फक्त घरापासून पेट्रोल पंपापर्यंत. तिथे आम्ही जागा बदलायचो. आजीला कळलं असतं तर घरात महाभारत, शाळेत कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून नाव माझं लावलं, हेल्मेटआड कोणाला कळतंय. शर्यती तुझ्या आईने मारल्या. सगळ्या. मी इथे बसून वळणं सांगायचो. आजी गेल्यावर तुम्हाला सांगू म्हणत राहिलो, मग तुझी आईच गेली."

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"निघ आता. पहिलं वळण डावं आहे. उशिरा घे."