सत्तर फुटी योद्धा आणि उन्नतीचा नंदी

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून कादंबरी. युद्ध, धूळ, वंगण, आणि दोन पायांवर चालणारं सत्तर फुटी लढाऊ यंत्र. आत घामाघूम सैनिक. जादूबिदू नाही, सगळं इंजिनिअरिंगने पटलं पाहिजे. दिवाळीपर्यंत संपवणार.
लेकीच्या, उन्नतीच्या, लाकडी नंदीला रंग द्यायचा राहिलाय. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, अजून भरपूर वेळ आहे.

६ ऑगस्ट
पहिलं प्रकरण ऑफिसात जितेंद्रला दाखवलं. डबा खाता खाता वाचून म्हणाला, एवढ्या मोठ्या मशीनले पाय काहून दिले गा? चाकं लाव. आपल्या काळ्या मातीत हे पावसाळ्यात कमरेपर्यंत जाईन.
लोकांना कल्पनाशक्तीच नाही. दिवसभर डोक्यात मात्र तेच.

१० ऑगस्ट, रविवार
उत्तर सापडलं! खड्ड्याखुड्ड्यांत चाक हरतं, पाय जिंकतो. सिद्ध करायला मॉडेल हवं. घरात चार पायांचं दणकट असं एकच, उन्नतीचा सागवानी नंदी. माझ्या बायकोच्या, दीप्तीच्या, बाबांनी ती लहान असताना तिच्यासाठी केलेला. आता ते नाहीत.
चाकं फक्त काढली. पाय गुडघ्यात कापले, ते बिजागऱ्यांसाठी. आठवड्यात पूर्ववत करतो.
उन्नतीने विचारलं, माझा नंदी कुठं आहे? रंगवायला दिला म्हणालो. एका अर्थी खरंच आहे. (कोणत्या अर्थी, ते उद्या बघू.)

१५ ऑगस्ट
नंदी अर्धं पाऊल चालला! मग तोंडावर पडला. एक शिंग गेलं. सैनिकी भाषेत किरकोळ हानी. दुसरं प्रकरण कोरं, पण रिसर्च जोरात.
उन्नतीने आईकडून झूल शिवून घेतली, घुंगरू लावलेली. पाय जोडायलाच हवेत. उद्या नक्की.

२० ऑगस्ट
चाकं सापडत नाहीत. महालच्या बाजारातून नवा नंदी आणला असता, पण याच्या पोटाखाली बाबांनी दीप्तीचं नाव कोरलंय. मी नालायक माणूस आहे. पाय चिकटवले. वाळतील.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
झूल जमिनीपर्यंत सोडली. कॅमोफ्लाज. मैदानावर पोळा फुटला, सगळ्यांचे नंदी खडखडत निघाले. आमचा गुडघ्यांवर बसला. परीक्षक बाईंनी विचारलं, याची चाकं कुठं गेली वं? मी बुटांकडे बघत उभा. उन्नती म्हणाली, तो लढाईले गेला होता.
मग त्याला कडेवर घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ नि पैसे, मागत फिरली. जड होता. मी घेतो म्हटलं, तर म्हणाली, नको पप्पा, तुम्ही पुन्हा पाडता त्याले.
घरी दीप्तीने नंदी उलटा केला, नावावरून बोट फिरवलं आणि कुकर लावायला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ ऑगस्ट
जितेंद्रच्या ओळखीच्या सुताराकडून पाय जोडून घेतले, नवी चाकं बसवून घेतली. जितेंद्रने विचारलं, कादंबरी कुठवर आली? सांगितलं, यंत्राला चाकं देतोय. निर्णय पूर्णपणे तांत्रिक आहे.
उन्नतीने चाकं फिरवून पाहिली. मग आईला म्हणाली, कपाटावर ठेव, पप्पाचा हात पुरणार नाही तिथं.
माझा हात तिथे आरामात पुरतो. मी दीप्तीला स्टूल आणून दिलं.