ताटलीला हात लावायचा नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा शून्य. शंभर दाणे मांडले, एकाला मोड नाही. ओला टीपकागद, त्यावर दाण्यांच्या दहा रांगा, वर काचेचं झाकण — सव्वीस वर्षं हेच करतोय. बियाणं पेरण्याजोगं आहे की नाही ते आम्ही ठरवायचं, आणि आमच्याच कपाटात बी रुसून बसलंय. मोठे साहेब म्हणाले, "पंधरवड्यात कारण सांगा." जणू कारण माझ्या खिशात आहे आणि मी मुद्दाम देत नाही.

घरी आलो. सकाळी कुलूप मीच लावलेलं, मीच काढलं. बायको बहिणीकडे जाऊन आज अठ्ठावीस दिवस झाले. फोन नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मेव्हणीचा पाय मोडला म्हणून ती गेली. सहा आठवड्यांचं प्लास्टर, घरात करणारं दुसरं कुणी नाही. जायलाच हवं होतं. पण निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "तुम्हांला एकेका दाण्याचं कारण कळतं. मला काय होतंय ते मात्र कधी विचारलं नाहीत." मी म्हणालो, "गाडी चुकेल."

चुकलीच असती. दहाच मिनिटं राहिली होती. तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आठवड्यातून एकदा-दोनदा तिचा फोन येतो. कधी येईल ते कळत नाही. मी करत नाही. असं काही ठरलेलं नाही, पण आमच्यात फोन तीच करते. लग्नाआधी पत्रंही तिचीच यायची, मी वाचायचो. आणि मला वाट बघायची सवय आहे. नव्याने आलेल्यांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो — चाचणी चालू असताना ताटलीला हात लावायचा नाही. सारखं झाकण काढून बघितलं की ओल जाते. मग उगवलं नाही ते बियाण्यामुळे की तुमच्यामुळे, कळायला मार्ग राहत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज जरा डोकं चाललं. भिंगवाले आणि मी सकाळपासून जुनी नोंदवही घेऊन बसलो. (भिंगवाले म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. चष्मा इतका जाड की बी बघायला वेगळं भिंग लागत नाही.) न उगवलेल्या एकोणीस ताटल्या. पोती वेगळी, कपाटं वेगळी, मांडणारे हात वेगळे. सगळीकडे सारखं असं एकच निघालं — एकूण एक सोमवारी नाहीतर गुरुवारी मांडलेल्या.

"बियाण्याला वार कळतो होय?" भिंगवाले म्हणाले.

नाही कळत. म्हणजे त्या वारांना दुसरं काहीतरी चिकटलेलं असणार. सोमवारी आणि गुरुवारी मावशी फरशी पुसतात. आणि जानेवारीपासून फरशीचं औषध नवीन आलंय, डोळ्यांत पाणी येईल असं.

लगेच प्रयोग लावला. एकाच पोत्यातले चारशे दाणे. दोनशे पुसायच्या आधी मांडले, दोनशे पुसल्यावर. पाणी तेच, कागद तोच, हात माझाच. बदललं फक्त एक. आता सात दिवस थांबायचं.

संध्याकाळी कंटाळा आला म्हणून बाहेरच जेवलो. आठला घरी पोचतो तोच फोन. तिचा!

"जेवलात का?"
"हो. बाहेर."
"पाणी येतंय ना?"
"येतंय. मेव्हणी?"
"बरी आहे."

सहा मिनिटं. ठेवल्यावर घर आधीपेक्षा रिकामं वाटायला लागलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जे दाण्यांना, तेच फोनला का नाही? ती कुठल्या दिवशी फोन करते याला काही कारण असेलच की. कॅलेंडर काढलं. आतापर्यंत आठ फोन. त्या आठ दिवशी मी काय काय केलं ते आठवून मांडलं. पाचदा निळा शर्ट होता.

वेडेपणा आहे. बारा तासांच्या अंतरावरून तिला माझा शर्ट कसा दिसेल? पण तपासल्याशिवाय काही खोडायचं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

लागोपाठ चार दिवस निळा शर्ट. फोन नाही. भिंगवाले म्हणाले, "आता तो शर्ट एकटाच उभा राहील. धुवायला टाका."

शर्ट बाद.

ती कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघते. इतकी वर्षं मी त्यावरून तिला चिडवत आलो. हल्ली मी दोनदा ओढतो. तिच्या वाटणीचं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

निकाल लागला. पुसायच्या आधीच्या ताटल्यांत दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी उगवले. नंतरच्यांत सात! सगळी करामत त्या वासाची. साहेब खूष, औषध बंद. मावशींना सांगितलं तर म्हणतात कशा, "ते होय. माझ्या घरची कुंडी त्यानंच गेली. मी कधीच सांगितलं असतं साहेब, पण मला कुणी विचारलंच नाही."

भिंगवाल्यांनी ते नोंदवहीत तसंच्या तसं लिहून ठेवलं.

घरी येऊन या वहीची मागची पानं चाळली. आणि सापडलं! फोनच्या आठही दिवशी लिहिलंय — "बाहेर जेवलो". बाकी एकाही दिवशी नाही. पण माझं जेवण तिला तिथे कळतं कसं?

रविवार, १६ फेब्रुवारी

बाहेर जेवायचं असलं की दोन गोष्टी होतात. एक तर मी बाहेर जेवतो. आणि स्वयंपाकघरातला दिवा लागत नाही. दोन्ही कायम जोडीनं येतात. वेगळ्या करायला हव्यात.

काल दुपारीच भात लावून, पोटभर जेवून घेतलं. संध्याकाळी दिवा न लावता घरातच अंधारात बसलो. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन! आज उलटं केलं. स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि बाहेर जाऊन जेवलो. फोन नाही.

म्हणजे जेवण नव्हे, दिवा.

काल तिनं विचारलं, "जेवलात का?" पोटात भात असताना मी म्हणालो, "नाही." प्रयोग बिघडू नये म्हणून. तिच्या आवाजात काळजी आली. मला बरं वाटलं. याची लाज वाटायला हवी होती.

प्लास्टर उद्या निघणार, असंही म्हणाली. "मग कधी येतेस?" हे अगदी ओठांवर होतं. म्हणालो, "जुने एक्स-रे टाकू नका, लागतात."

बुधवार, १९ फेब्रुवारी

तीन संध्याकाळी दिवा बंद ठेवला. तिन्ही दिवशी फोन. परवा सहा मिनिटं, काल अकरा, आज सतरा. अंधार वाढेल तसा फोन वाढतो. इतका स्वच्छ निकाल प्रयोगशाळेतही कधी मिळाला नाही. आता हवी तेव्हा ती मला मिळू शकते. एक बटण नुसतं दाबायचं नाही, की झालं.

पण आज ती म्हणाली, "अहो, तब्येत बरी आहे ना? खरं सांगा. मला घाबरवू नका." आवाज ओला होता.

ठेवल्याबरोबर उठून दिवा लावला. हा प्रयोग बंद.

रविवार, २३ फेब्रुवारी

शर्टाचं बटण लावायला समोरच्या शिवणवाल्या बाईंकडे गेलो. त्यांच्या मशीनसमोर खिडकी, आणि खिडकीतून आमचं स्वयंपाकघर! मी खिडकीकडे बघतोय हे त्यांना दिसलं.

"ताईंनी सांगू नका म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "साडेसातला त्यांचा फोन येतो. विचारतात, दिवा दिसतोय का? मी वर बघून सांगते. दिसला की म्हणतात, मग ठीक आहे. नाही दिसला की मग तुम्हांला करतात."

"आठवड्यातून किती वेळा?"

"रोज, दादा. गेल्या त्या दिवसापासून."

रोज. मी कॅलेंडरवर आलेल्या फोनचे गोल करत बसलो. कोऱ्या तारखांना तिला माझी आठवण नाही, असं धरून चाललो होतो. मोजायचं तेच मी चुकीचं मोजलं.

बटण न लावताच शर्ट घेऊन आलो. उद्या परत जावं लागणार.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्लास्टर निघून दहा दिवस झाले. मेव्हणी हिंडते-फिरते आहे. मग ही का येत नाही?

कळलेली कारणं एकेक वजा केली. पाय — बरा. गाडी — रोज आहे. राग — रागावलेलं माणूस रोज दिवा विचारत नाही. सगळं वजा करून जे उरतं ते या घरातच आहे. आणि घरात तर मी एकटाच आहे.

दुपारी चाचणी संपलेल्या ताटल्या रिकाम्या करत होतो. न उगवलेला दाणा चिमट्यात दाबून बघायचा. मेलेला असेल तर पिचतो. काही दाणे टणक राहतात. ते मेलेले नसतात, सुप्त असतात. त्यांना बाहेरून काहीतरी लागतं. थोडी थंडी, थोडा उजेड, कधी सालीवर एक ओरखडा. नुसतं बघत बसलं तर महिनोन्‌महिने तसेच राहतात. नव्या लोकांना मी हेही शिकवतो.

फोन मोजले. एकूण बारा. बाराही तिचे.

मला तिची फार आठवण येते. हे या वहीतसुद्धा मी आज पहिल्यांदा लिहितोय.

रविवार, २ मार्च

नंबर लावला. पहिली घंटी जायच्या आत ठेवून दिला. तीनदा.

सोमवार, ३ मार्च

केला. घंटी पुरी वाजलीही नाही, तोच उचलला.

"काय झालं? कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही. मला करमत नाही. तू ये."

ती म्हणाली, "प्लास्टर निघालं त्या दिवशीच बॅग भरली होती. म्हटलं, या वेळी आपण काही सुचवायचं नाही. आपण तेवढं तिथून बाजूला राहायचं, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि बघायचं तुम्ही आपणहून बोलावता का. आज चौदा दिवस झाले."

म्हणजे इतके दिवस ताटलीत मी होतो.