ओढ्यात टाकलेली पावडर

आप्पा, तुम्ही ज्या जंगलात वॉचर होता, तिथंच मी आता फॉरेस्ट गार्ड आहे. परवा दिग्गीच्या वाटेवरच्या ओढ्यात एक जण ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरताना सापडला. रामनगरात किराणा दुकान आहे त्याचं. मला बघून पळाला नाही, उलट हसून म्हणाला, "बाई, जरासंच टाकलंय. आणि वढा काय कुणाच्या मालकीचा हाय व्हय?"

मला मामा आठवला. आव्वा भाकरी थापतेय आणि तुमचाच मेहुणा चुलीपुढं मान ताठ करून बसलाय. "सगळीच तोडत्यात. माझ्या एका झाडानं जंगल सरतंय व्हय?" मी ओरडले, "मामा चोर हाय!" तर तुम्ही मलाच झापलंत. "चोर म्हटलं की माणूस चोरी इसरतो आन् तुझ्याशी भांडत बसतो. त्याला दिसत न्हाई, ते दाखव." तुम्ही केस केलीतच, पण आधी त्याला तोडलेल्या झाडापाशी नेलंत. त्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं होतं. नर चोचीत फळ धरून रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होता. मामा त्या दिवशी जेवला नाही, आणि कुऱ्हाड घेऊन पुन्हा जंगलात गेला नाही.

म्हणून मीही दुकानदाराला चोर म्हटलं नाही. "चला, पाणी कुठवर जातंय बघू," म्हणत त्याला वळणापलीकडं नेलं. तिथं त्याची सासू म्हैस धूत होती. मेलेले मासे तिच्या पायांशी तरंगत आलेले, म्हैस फुरफुरत काठावर चढलेली. "कुण्या मुडद्यानं इख घाटलंय पाण्यात?" जावयाचा चेहरा पडला. "आत्या... म्याच." म्हातारीनं हातातला काथ्या फेकून मारला. नेम चुकला आणि तो मला बसला. म्हैस सोडून आम्ही सगळेच हसलो. मग दुपारभर म्हातारी काठावर उभी राहून बोट दाखवत होती आणि जावई गुडघाभर पाण्यात मेलेले मासे वेचत होता. केसच्या कागदावर त्यानं मुकाट सही केली.

काल त्याचा फोन आला. "बाई, दोघं पावडर मागाय आलते, मासं धरायला. दिली न्हाई. वर आत्याचा किस्सा सांगून धाडलं."

हे पत्र माझ्या डायरीतच राहणार, तेव्हा खरं सांगून टाकते. म्हातारी रोज त्याच वेळी तिथं असते, हे मला आधीच ठाऊक होतं.